मदत हवी आहे: नवीन पीसीचे पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही

डेस्कटॉप पहिल्यांदाच स्वतः जोडतोय. रायझन ५ ७६००, बी६५० मदरबोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम स्टिक, ६५० वॅटचा पॉवर सप्लाय. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स आहे, म्हणून एचडीएमआय केबल मदरबोर्डलाच लावली आहे. बटण दाबलं की पंखे फिरतात, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ येतं आणि बोर्डवरचा डीरॅमचा (रॅममध्ये अडचण असल्याचं दाखवणारा) दिवा पेटलेलाच राहतो.

२४ पिनची आणि सीपीयूची ८ पिनची केबल नीट बसली आहे. एकेक स्टिक ए२ स्लॉटमध्ये लावून पाहिली, सीमॉस क्लिअर केलं (बोर्डच्या सेटिंग मूळ स्थितीत आणल्या). मॉनिटर आणि केबल लॅपटॉपवर व्यवस्थित चालतात. डीडीआर५ला पहिल्यांदा मेमरी ट्रेनिंगसाठी (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो त्यासाठी) काही मिनिटं लागतात, म्हणून मध्येच बंद न करता अर्धा तास थांबलो. काहीच फरक नाही.

बदलून पाहायला दुसरी डीडीआर५ रॅम नाही, आणि जुनी डीडीआर४ या बोर्डात बसणारच नाही. सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो त्या जागेच्या) पिना वाकल्यात का हे पाहायला कूलर काढला तर थर्मल पेस्ट पुन्हा लावावी लागेल, ती शिल्लक नाही. बोर्डवर बायोस फ्लॅशबॅकचं बटण मात्र आहे, म्हणजे डिस्प्ले नसतानाही बायोस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करता येतं.

मग आधी पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट करू, की पेस्ट आणून सरळ सॉकेटच्या पिना तपासू?