मदत हवी आहे: जाहिरातीतून फोन येतात, काम येत नाही

रेष_आणि_रंग: तीन महिन्यांत इन्स्टाग्राम-फेसबुकवर 45 हजार घातले. फोन 130 च्या वर आले. निम्मे विचारतात, "1200 फुटांचा प्लॅन किती रुपयांत?" उरलेले म्हणतात, "आधी थ्रीडी पाठवा, मग बघू." एकही काम नाही. आम्हाला संस्थांची कामं हवीत. एजन्सी म्हणते बजेट दुप्पट करा. दुसरी चांगली एजन्सी कोणती? शुक्रवारी पैसे भरायचेत, लवकर सांगा.

विटकर: गाव कोणतं? आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल की ठेकेदार? संस्था म्हणजे शाळा, हॉस्पिटल, सोसायटी की सरकारी? एवढं कळल्याशिवाय काय सुचवणार?

रेष_आणि_रंग: आर्किटेक्ट. कोल्हापूर, सहा जण. एजन्सीचं नाव सांगा ना.

गुण्या_ओळंबा: आर्किटेक्ट असाल तर शुक्रवारचे पैसे थांबवा. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या, म्हणजे आर्किटेक्टांची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या, 1989 च्या व्यावसायिक आचरण नियमांत जाहिरातीला मनाई आहे, ठरावीक अपवाद सोडून. इमारतीवर आणि ऑफिसबाहेर नाव लावता येतं, अक्षरं 10 सेंटीमीटरपर्यंत. कामाचे फोटो-वर्णन माध्यमांत येऊ शकतं, पण त्यासाठी पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत. आणि तुमच्या कामाचा अपवाद हा: अनुभव सांगणारं ब्रोशर छापून, नाव आणि पद माहीत असलेल्या संभाव्य क्लायंटला देता येतं. नाव आणि पद, हे शब्द नीट वाचा.

डेपो_सिमेंट: नियम कोण बघतंय? सिमेंट-स्टील डीलरला 2 टक्के द्या. जागा घेतलेला माणूस पहिल्यांदा त्यांच्याकडेच दर विचारायला जातो.

गुण्या_ओळंबा: कृपा करून हे सुचवू नका. काम मिळवण्यासाठी कमिशन किंवा भेट देणं-घेणं दोन्ही त्याच नियमांत निषिद्ध आहे. शिवाय उद्या त्याच डीलरचं स्टील साइटवर नाकारायची वेळ आली तर कोणत्या तोंडाने नाकारणार?

ई_निविदा: महाटेंडर्सवर, म्हणजे राज्य सरकारच्या ई-निविदा पोर्टलवर, नोंदणी करा, क्लास 3 डिजिटल सही घ्या. केंद्राच्या खात्यांत सल्लागार सेवेसाठी उद्यम नोंदणीवर (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) बयाणा, म्हणजे निविदेसोबतची अनामत, माफ असतो. स्वस्त भरल्याशिवाय काम मिळत नाही असं नाही. 70:30 चं गणित बघा, म्हणजे तांत्रिक गुणांना 70 भारांक, फीला 30; सर्वात कमी फीला पूर्ण 30, बाकीच्यांना त्या प्रमाणात. तुम्हाला तांत्रिक गुण 90, फी 10 लाख. दुसऱ्याला 75, फी 7 लाख. तुमचे 63 आणि 21, एकूण 84. त्याचे 52.5 आणि 30, एकूण 82.5. काम तुमचं. हीच निविदा 60:40 असती तर तुम्ही 82, तो 85. म्हणून भारांक वाचल्याशिवाय फी टाकू नये.

विटकर: गणित बरोबर, पण त्या 90 पर्यंत पोचणार कसे? पात्रतेतच तशाच प्रकारचं काम मागतात, निविदेतल्या अंदाजित रकमेच्या साधारण 80 टक्क्यांचं एक किंवा 40 टक्क्यांची तीन. खासगी कामाचा दाखला असेल तर अनेक ठिकाणी टीडीएसचा पुरावाही लागतो. दाखल्यावर रक्कम आणि पूर्णत्वाची तारीख नसली की फाइल तिथेच बाद. रेष_आणि_रंग, झालेल्या कामांचे दाखले घेतलेत का?

ठाणेकर_79अ: सोसायट्यांच्या पुनर्विकासात या! 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयानुसार सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश गणपूर्ती, 51 टक्के संमती, आणि सल्लागार सोसायटीच नेमते.

विटकर: त्या सभा दोन-दोन वर्षं चालतात. सहा जणांचा पगार तोवर कुठून? आणि त्यांनी सोसायट्या मागितल्यात कुठे?



रेष_आणि_रंग: दोन शाळा, एक 30 खाटांचं हॉस्पिटल झालंय. दाखले घेतलेले नाहीत. ही कामं महत्त्वाची आहेत?

विटकर: अहो, हेच तर आधी सांगायचं! तीच तुमची पुंजी. दाखले या आठवड्यात मागा. सचिव बदलला की नवा माणूस सही करायला कचरतो. मग प्रत्येक कामाचं एकच ए4 पान करा: क्षेत्रफळ, अंदाजित आणि प्रत्यक्ष खर्च, लागलेले महिने, एक अवघड प्रश्न आणि तो कसा सोडवला. संस्थेच्या सचिवाला थ्रीडी चित्रांत फारसा रस नसतो. शाळा चालू ठेवून वरचा मजला कसा चढवला, मुलांची वाट कुठून काढली, हे तो वाचतो. हॉस्पिटलवाल्या डॉक्टरांना ऑपरेशन थिएटरमध्ये तासाला 20 एअर चेंजेस (20 वेळा हवा बदलणं) कशा बसवल्या हे दाखवा. फोटो ताबा देताना काढू नका, वापर सुरू झाल्यावर काढा. रिकामा वॉर्ड कुणाचाही वाटतो.

मग 40 नावांची यादी, नाव आणि पदासकट. संस्थेचे सचिव, हॉस्पिटलचे प्रशासक, सहकारी बँकेचे सीईओ. त्यांच्याइतकेच महत्त्वाचे, ज्यांना काम आधी कळतं ते: माती परीक्षणवाले, स्ट्रक्चरल कन्सल्टंट, ट्रस्टचं ऑडिट करणारे सीए. संस्थेच्या ताळेबंदात 'इमारत निधी' दोन-तीन वर्षं सलग वाढत असेल तर तिथे बांधकाम येणारच. धर्मादाय कार्यालयात दाखल झालेल्या हिशेबांत ते दिसतं, सीएकडून गोपनीय काही काढायची गरज नाही.

ई_निविदा: हे दोन वर्षांनी फळणार. निविदा आत्ता आहेत.

गुण्या_ओळंबा: दोन्ही करावं, पण निविदेला नाही म्हणायलाही शिकावं. सल्लागार निविदेची फाइल नीट भरायला दोन माणसांचे पाच-सहा दिवस सहज जातात. पात्रता काठावर असेल, भारांकात फीच वरचढ असेल आणि त्या खात्यात तुम्हाला कुणी ओळखत नसेल, तर ते दिवस तुमच्या 40 जणांना द्या. एक लक्षात ठेवा, संस्थेने दुसरा आर्किटेक्ट आधीच नेमला असेल तर तिथे प्रस्ताव टाकायचा नाही.

रेष_आणि_रंग: एजन्सीला नको म्हणून कळवलं. पण शाळांकडे कधी जायचं? आत्ता परीक्षा आहेत.

विटकर: उलट मोजा. मेच्या सुट्टीत स्लॅब टाकायचा तर ठेकेदार फेब्रुवारीत ठरायला हवा, नकाशे दिवाळीच्या सुमाराला दाखल व्हायला हवेत. म्हणजे पहिली भेट जुलैत, प्रवेश आटोपल्यावर, गणपतीच्या आधी. तोवर जुन्या दोन शाळांत जाऊन गच्चीची गळती, संडासांचे उतार, दारांच्या बिजागऱ्या बघून या. दुसऱ्या संस्थेचे सचिव तुमच्याबद्दल विचारायला फोन करतील तो तिथल्याच मुख्याध्यापकांना.