‘एफडीए क्लिअर्ड’ एआय सॉफ्टवेअर: कंपनीला नेमकं काय विचारावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या रुग्णालयात छातीच्या एक्स-रेवर न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती साठलेली हवा) ओळखणारं एआय सॉफ्टवेअर घ्यायचं घाटतंय. खरेदी समितीत मीही आहे. डॉक्टर असलो तरी नियमनातलं मला फारसं कळत नाही. माहितीपत्रकावर ‘एफडीए क्लिअर्ड’ (एफडीए म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांची अमेरिकी नियामक संस्था) असं ठळक छापलंय आणि तेवढ्यावर निम्मी समिती सह्या करायला बसली आहे. विक्री प्रतिनिधी तर म्हणतो, सॉफ्टवेअरने खूण न केलेला एक्स-रे रेडिओलॉजिस्टने नाही पाहिला तरी चालेल! तिथे माझे कान टवकारले.

वाचून एवढं समजलं: अशी बहुतेक सॉफ्टवेअर ५१०-के मार्गाने येतात. आधीच बाजारात असलेल्या एखाद्या उपकरणाच्या तोडीचं हे आहे, एवढं दाखवायचं. त्यासाठी रुग्णांवर नवी चाचणी घ्यावीच लागते असं नाही. याउलट २०१८ साली मधुमेहींच्या डोळ्यांसाठी आयडीएक्स-डीआर हे एआय सॉफ्टवेअर आलं ते डी नोवो मार्गाने, म्हणजे तोडीचं आधीचं उपकरण नसलेल्या नव्या प्रकारासाठीच्या मार्गाने. नेत्रतज्ज्ञाने चित्र न पाहताच ते निकाल देतं, म्हणून ९०० रुग्णांची चाचणी झाली होती. लोक मात्र दोन्हींना सरसकट ‘एफडीएची मान्यता’ म्हणतात.

तर, कोणते कागद मागू? आणि सॉफ्टवेअर सारखं अपडेट होणार असेल, तर मंजुरी कुठल्या आवृत्तीची धरायची?

प्रतिसाद

डॉक्टर, प्रतिनिधीचं ते वाक्य लेखी मागा. बहुधा देणार नाही. न्यूमोथोरॅक्सची बरीच सॉफ्टवेअर फक्त ‘ट्रायाज’साठी मंजूर असतात, म्हणजे संशयित एक्स-रे रांगेत पुढे आणायचा, बस. खूण नाही म्हणजे आजार नाही, असं त्या मंजुरीत कुठेही नसतं. सगळे एक्स-रे माणसानेच वाचायचे.

कंपनीकडून के-क्रमांक, म्हणजे ५१०-के मंजुरीचा क्रमांक, घ्या. त्यावरून एफडीएच्या संकेतस्थळावर मंजुरीचा सारांश फुकट मिळतो. त्यात ‘वापराचा हेतू’ आधी वाचा: वय किती, एक्स-रे कुठल्या प्रकारचा. अनेक उपकरणं फक्त प्रौढांसाठी असतात. मग चाचणीचे एक्स-रे कुठले होते आणि खरं उत्तर कुणी ठरवलं, ते बघा.

एक खोच आवर्जून तपासा. चेस्ट ट्यूब (साठलेली हवा काढायला छातीत घालतात ती नळी) आधीच घातलेल्या रुग्णांचे किती एक्स-रे चाचणीत होते? चेस्टएक्सरे-१४ या एक्स-रेंच्या सार्वजनिक संचात न्यूमोथोरॅक्सच्या बहुतेक चित्रांत ट्यूब दिसते. त्यावर शिकलेलं मॉडेल हवेऐवजी ट्यूबच ओळखायला लागतं. आकडे झकास येतात, पण ज्याचं निदान अजून व्हायचंय त्या रुग्णाला त्याचा काय उपयोग?

अपडेटबद्दल: महत्त्वाचा बदल केला की सहसा नव्याने अर्ज लागतो. अपवाद म्हणजे कोणते बदल करणार आणि ते कसे तपासणार याचा आराखडा आधीच मंजूर करून घेतलेला असेल तर. त्याला पीसीसीपी म्हणतात, एफडीएची त्यावरची अंतिम मार्गदर्शक सूचना डिसेंबर २०२४ मध्ये आली. तो आहे का विचारा आणि करारात आवृत्ती क्रमांक लिहून घ्या.

युरोपात विक्रीसाठी लागणारं सीई चिन्ह दाखवलं तरी हेच प्रश्न विचारा. तिथे अशा उपकरणांचा सारांश बहुतेकदा जाहीर नसतो, म्हणून मूळ कागद कंपनीकडूनच काढावे लागतील.

के-क्रमांक मिळाला की इथे टाका, सारांश सोबत वाचू.