हसवणारी, पण गेलेल्या माणसाला न विसरणारी प्रेमकथा सुचवा

रानजाई : बाबांना जाऊन वर्ष होत आलं. हलकंफुलकं काही वाचायला घेतलं की त्यात मरण दोन पानांत उरकलेलं असतं, नाहीतर सगळं पुस्तकच रडकं. मला प्रेमकथा हवी आहे, हसूही यायला हवं. एमिली हेन्रीची ‘बीच रीड’ कुणी वाचली आहे का? मुखपृष्ठ बघून ती नुसती सुट्टीत वाचायची वाटते.

माधवीलता : मुखपृष्ठावर जाऊ नका, वाचाच! २०२० ची कादंबरी आहे. नायिका जॅन्युअरी सुखान्त प्रेमकथा लिहिते. वडिलांच्या अंत्यविधीला एक बाई येते आणि मिशिगन सरोवराकाठच्या घराची किल्ली आणि वडिलांचं पत्र तिच्या हातात ठेवते. वडिलांचं त्या बाईशी प्रकरण होतं. आता भांडायचं कुणाशी? ज्याला जाब विचारायचा तो माणूसच नाही. असं रागात अडकलेलं दुःख मी फार कमी कादंबऱ्यांत वाचलंय.

शेजारच्या घरात गस राहतो. कॉलेजपासूनचा प्रतिस्पर्धी, गंभीर कादंबऱ्या लिहिणारा. दोघांच्या खिडक्या समोरासमोर. लिहायला बसले की वहीत टोमणे लिहून एकमेकांना काचेतून दाखवतात. तिथे मी खूप हसले. पुढे पैज लागते : त्यानं सुखान्त लिहायचं, तिनं गंभीर. आणि ही सगळी मजा चालू असताना ते पत्र तिच्याकडे न उघडता पडून असतं. लेखिका ते विसरू देत नाही, म्हणून विनोद उपरा वाटत नाही.

वऱ्हाडी वाचक : पुस्तक चांगलंच आहे, पण शेवटाकडे सगळं फार सोयीनं जुळतं. मी सिसिलिया अहर्नची ‘पी. एस. आय लव्ह यू’ सुचवेन. डब्लिनची होली, नवरा ब्रेन ट्यूमरनं गेलेला. दर महिन्याला उघडायची पाकिटं तो मागे ठेवून जातो. दिवा बंद करायला कुणी उठायचं यावर दोघांची रोज रात्री भांडणं व्हायची, आणि अंधारात परत येताना ती धडपडायची. पहिल्या पाकिटात काय, तर उशाशी ठेवायचा दिवा विकत घे! सिनेमा नंतर बघा, त्यात गोष्ट न्यूयॉर्कला नेली आहे.

माधवीलता : सोयीनं? वडिलांची चूक शेवटी पुसली जात नाही हो. जॅन्युअरी फक्त त्यांना पूर्ण ओळखायला लागते.

रानजाई : दोघांचेही मनापासून आभार. आधी दिव्याची मागवते. आई इंग्रजी वाचत नाही, तिला रोज थोडी थोडी सांगेन. ‘बीच रीड’ मात्र मी एकटीच वाचेन. वडिलांवर चिडलेली मुलगी आईला इतक्यात नको.