आई-बाबांना लॉस एंजेलिस दाखवायचंय, कुठली टूर घ्यावी?

पंचगंगा:
पुढच्या महिन्यात आई-बाबा कोल्हापूरहून आमच्याकडे फीनिक्सला येतायत. गाडीने एलएला न्यायचं ठरलंय, पण हातात शुक्रवार आणि शनिवार एवढेच दोन दिवस. नेटवर टूर बघत बसले की रात्रीचे बारा वाजतात आणि ठरत काहीच नाही. उघड्या टपाची बस, नटनट्यांच्या बंगल्यांची व्हॅन, स्टुडिओ, पायी फिरायच्या टूर...

बाबांबद्दल आधी सांगते. ते ३१ वर्षं टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. रविवारी सकाळी इंग्रजी खेळ असायचा, तो लावायचा मान त्यांचा. लहानपणी मी केबिनमध्ये स्टुलावर बसून तो बघितलाय. प्रोजेक्टरमधला कार्बन जळल्याचा वास अजून आठवतो. परवा फोनवर म्हणाले, "पिक्चरची पेटी जिथनं सुटायची, ते गाव बघायचंय एकदा." बाकी त्यांनी काही मागितलेलं नाही, म्हणून हे चुकवायचं नाहीये मला.

गुडघ्यामुळे एका दमात वीस मिनिटांच्या वर चालवत नाही. इंग्रजी वाचतात, पण इथलं भरभर बोलणं कळत नाही. आईला सिनेमाचं काही नाही, तिला झाडं दाखवली की झालं.

बरबँककर:
चौदा वर्षं इथे राहतोय. टपाच्या बसवर एक दिवस घालवू नका. सासू-सासऱ्यांना मी घेऊन गेलो होतो. अर्ध्याहून जास्त वेळ बस रहदारीत उभी, डोक्यावर ऊन आणि कानात रेकॉर्ड केलेला आवाज. सासरे शेवटी विचारत होते, "हॉलिवूड येऊन गेलं का?"

तो प्रश्न रास्तच होता. इथे सगळं लांब लांब पसरलंय. वॉर्नर आमच्या बरबँकमध्ये, युनिव्हर्सल हॉलिवूडहून डोंगराच्या पलीकडे, सोनी कल्व्हर सिटीत. मोठ्या स्टुडिओंपैकी खुद्द हॉलिवूडमध्ये उरलाय तो एकटा पॅरामाउंट, मेलरोज ॲव्हेन्यूवर. तुमच्या बाबांसाठी तोच. साधारण दोन तासांची टूर, गोल्फ कार्टसारख्या गाडीतून नेतात, मधे मधे उतरवतात. माणसं थोडी असतात, त्यामुळे गाइडला "जरा हळू बोला, वडिलांना मराठीत सांगायचंय" म्हणायला संकोच वाटत नाही. मी म्हटलंय, आणि गाइड प्रत्येक वाक्यानंतर थांबत होती. युनिव्हर्सलची ट्रॅम टूर चांगली आहे, पण ती थीम पार्कच्या तिकिटात येते आणि पूर्ण दिवस खाते.

तिथून संध्याकाळी ग्रिफिथ वेधशाळेवर जा. प्रवेश फुकट (सोमवारी बंद), खाली अख्खं शहर दिसतं आणि डोंगरावरची हॉलिवूडची पाटीही. बाबांना सांगा, १९२३ मध्ये ती पाटी प्लॉट विकायच्या जाहिरातीसाठी लावली होती, तेव्हा शेवटी 'लँड' अशी अक्षरंही होती. ती १९४९ मध्ये काढली.

रीळवेडी:
शनिवार माझ्या सांगण्यावरून डाउनटाउनला द्या. ब्रॉडवेवर सहा-सात चौकांत बारा जुनी थिएटरं आहेत. ज्या माणसाने आयुष्य केबिनमध्ये काढलं, त्याला स्टुडिओपेक्षा हा रस्ता जवळचा वाटेल असं मला मनापासून वाटतं. मिलियन डॉलर १९१८ चं. लॉस एंजेलिस थिएटर १९३१ चं, त्याचं उद्घाटनच चॅप्लिनच्या 'सिटी लाइट्स'ने झालं. लॉस एंजेलिस कॉन्झर्व्हन्सी ही जुन्या इमारती जपणारी संस्था इथे पायी टूर काढते आणि त्या उत्तम असतात, पण तुमच्या बाबांच्या गुडघ्याला ते चालणं झेपणार नाही. तुम्हीच गाइड व्हा.

मिलियन डॉलरपासून सुरुवात करा. समोर १८९३ ची ब्रॅडबरी बिल्डिंग, आत लोखंडी नक्षीचे जिने आणि वरून येणारा उजेड. मग ग्रँड सेंट्रल मार्केटमध्ये बसा, खा. मागच्या दाराने हिल स्ट्रीटला निघालात की एंजल्स फ्लाइट, १९०१ ची चिमुकली दोरखंडाची रेल्वे, चढ तीच चढवते.

वर गेल्यावर ग्रँड ॲव्हेन्यूने डोरोथी चँडलर पॅव्हिलियन या सभागृहापर्यंत जा, चालवत नसेल तर टॅक्सी करा, पण जाच. लोक ऑस्कर म्हटलं की डॉल्बी थिएटरसमोर फोटो काढतात. ते २००१ मध्ये उघडलं. तुमच्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना 'गांधी'च्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळालं ते १९८३ मध्ये, या पॅव्हिलियनमध्ये. भारताला मिळालेलं पहिलं ऑस्कर. इथल्या कुठल्याही टूरमध्ये मी हे ऐकलेलं नाही, आणि मला त्याचं दर वेळी वाईट वाटतं.

सदाफुली:
बंगल्यांची व्हॅन नको. दिसतात ती फाटकं आणि उंच कुंपणं. आईंसाठी पॅसडीनाजवळ सॅन मरिनोचं हंटिंग्टन उद्यान बघा, गुलाब आणि जपानी बाग दोन्ही. आधी वेळ आरक्षित करावी लागते का, ते बघून घ्या. शुक्रवारी सकाळी ते, दुपारी पॅरामाउंट, असं जमेल. मधल्या प्रवासाला सव्वा तास धराच.

पंचगंगा:
आत्ताच बाबांशी बोलले. भानू अथैयांचं सांगितल्यावर फोनवर बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "गांधी मीच लावला होता. गर्दी एवढी की गेट ओढून घ्यावं लागलं होतं." आणि लगेच आईला ओरडून सांगितलं, "तो कोट काढून ठेव माझा."

पॅरामाउंटची शुक्रवार दुपारची तिकिटं काढली. रीळवेडी, त्या छोट्या रेल्वेत चढायला पायऱ्या आहेत का?

रीळवेडी:
आहेत. डबाच चढाच्या कलाने पायऱ्यापायऱ्यांचा आहे, आत शिरताना हात धरा. गर्दी दिसली तर पुढच्या फेरीला थांबा. फेरी मिनिटभराचीच असते.