मदत हवी आहे: रानगुलाबावरचा तांबेरा. जात नवी आहे हे कशावरून ठरवायचं?

नमस्कार. बुरशीशास्त्रातलं, त्यातही तांबेऱ्यावर काम केलेलं कुणी इथे असेल तर कृपया वाचा. थोडं सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर उत्तर मागणं बरं नाही.

मी मुलुंडला राहते, शाळेत जीवशास्त्र शिकवते. आमच्या सोसायटीत चाफ्याची तीन झाडं आहेत. पावसाळ्यात त्यांचं पान उलटं केलं की हळदीसारखी पूड बोटाला लागते. तो कोलिओस्पोरिअम प्लुमेरी नावाचा तांबेरा. त्याचे बीजाणू पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली पाहिले तेव्हापासून कुठेही गेले तरी मी पानं उलटून बघते.

गेल्या ऑक्टोबरात कुमाऊँत मुक्तेश्वरला गेलो होतो, साधारण २२०० मीटर उंचीवर. जिथे उतरलो त्या घराच्या बांधावर रानगुलाबाची मोठी जाळी होती. तिथले लोक त्याला कुंजा म्हणतात. वेलीसारखा चढणारा, आकडीदार काट्यांचा, फुलं संपून फळांचे घोस धरलेले. पानांच्या खालच्या बाजूला काजळीचे ठिपके उमटल्यासारखे दिसत होते आणि अधूनमधून नारिंगी पूड. घरमालकांना विचारून पंधरा-वीस पानं घेतली.

मुंबईतल्या गुलाबांवर मला हे कधीच दिसलं नाही. आपल्याकडे पानांवर काळे डाग पडतात, भुरी येते. गुलाबाच्या तांबेऱ्याला १८ ते २१ अंशांचा गारवा आणि काही तास ओलं राहिलेलं पान लागतं. ओल आपल्याकडे भरपूर, पण गारवा नाही.

काळा ठिपका सुईने खरवडून पाण्यात स्लाइड केली. उभट, गडद तपकिरी बीजाणू. आडव्या पडद्यांनी एकावर एक कप्पे केलेले, अंगावर बारीक खडबडीत उंचवटे, टोकाला छोटी चोच. प्रत्येकाला रंगहीन देठ, आणि देठाचा खालचा भाग पाण्यात फुगलेला. मी बराच वेळ डोळा काढलाच नाही. हे हिवाळा काढणारे टीलिओस्पोर, आणि असा बीजाणू म्हणजे फ्रॅग्मिडिअम गटातला तांबेरा, एवढं मला खात्रीने वाटतं. गव्हाच्या खोडावरच्या तांबेऱ्याला आयुष्य पुरं करायला बार्बेरीचं दुसरं झाड लागतं. याच्या सगळ्या अवस्था गुलाबावरच होतात.

अडचण पुढे आहे. मी ३४ बीजाणूंचे कप्पे मोजले. बहुतेकांत ९, काहींत ८ किंवा १०. माझ्याकडच्या पुस्तकात फ्रॅग्मिडिअम म्युक्रोनाटमला साधारण ६ ते ८ आणि ट्युबरक्युलाटमला ५-६ दिले आहेत. एका ओळखीच्या प्राध्यापकांनी फोटो पाहून लगेच सांगितलं, "नवी जात आहे, नाव देऊन टाका." मला ते पटत नाही. एकाच जाळीतली पानं, एकदाच आणलेली, आणि मोजले फक्त ३४.

त्यात जुलैमध्ये घात झाला. वर्तमानपत्रात दाबून कपाटात ठेवलेल्या पानांवर करडी बुरशी चढली. धड राहिली चार पानं. ती आता सिलिका जेल घातलेल्या स्टीलच्या डब्यात आहेत. या चार पानांचं काय करू? डीएनएसाठी देऊ की बीजाणू मोजण्यासाठी ठेवू? आणि एखादी जात खरंच नवी आहे असं म्हणायला नेमकं काय काय दाखवावं लागतं?

प्रतिसाद

ताई, थांबलात हे फार चांगलं केलंत. तुम्ही तुलना युरोपातल्या जातींशी करताय. शेजारची जात आधी बघायची. हिमालयातल्या गुलाबांवरून फ्रॅग्मिडिअम रोझी-मोस्काटी आणि फ्रॅग्मिडिअम बटलरी ही नावं पूर्वीच दिली गेली आहेत. त्यांच्या मूळ वर्णनाशी आणि शक्य असेल तर मूळ नमुन्याशी जुळत नाही हे दिसलं, तरच पुढचं बोलायचं.

आणि त्याहीआधी गुलाब कोणता ते ठरवा. कुंजा म्हणजे बहुधा रोझा ब्रुनोनी. जुन्या भारतीय पुस्तकांत तोच रोझा मोस्काटा म्हणून येतो. त्यामुळे "मोस्काटावरचा तांबेरा" असं जुन्या नमुन्याच्या पाकिटावर दिसलं तर ते तुमच्याच झाडावरचं असू शकतं. झाडाच्या ओळखीसाठी सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम (वाळवून जपलेल्या नमुन्यांचा संग्रह) तुम्हाला लोकलच्या अंतरावर आहे.

पानं संपवू नका. एका पानाचा ठिपक्यांचा तुकडा डीएनएला पुरतो. बाकी तीन तशीच ठेवा, कारण नवं नाव द्यायचं तर प्रमाण नमुना, म्हणजे ते नाव ज्याच्याशी कायमचं जोडलेलं राहतं तो नमुना, एखाद्या हर्बेरियममध्ये जमा असावा लागतो. पुण्याच्या आघारकर संस्थेत आजरेकर हर्बेरियम आहे, दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेतही बुरश्यांचं मोठं हर्बेरियम आहे. १ जानेवारी २०१३ पासून बुरशीच्या नव्या नावाची मान्य नोंदणीकोशात नोंद करून क्रमांक घेणंही सक्तीचं आहे. प्रयोगशाळेला तांबेऱ्यासाठीचेच प्रायमर (डीएनएचा कोणता भाग वाढवायचा ते ठरवणारे छोटे तुकडे) वापरायला सांगा, नाहीतर गुलाबाचाच डीएनए वाढून हातात येईल.

प्रतिसाद

एक शंका. नारिंगी पुडीतले बारके काळे ठिपके तांबेऱ्याचेच आहेत ना? तांबेऱ्यावर जगणारी दुसरी एक बुरशी असते, स्फेरेलॉप्सिस फायलम. तिचे काळे ठिपके भिंगातून अगदी फसवे दिसतात. शिवाय कप्पे मोजताना कोवळे बीजाणू धरू नका, पूर्ण गडद झालेलेच घ्या. निदान १०० तरी मोजा आणि वेगवेगळ्या ठिपक्यांतले.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. शंका खरी निघाली. पुडीतल्या दोन बारक्या ठिपक्यांवर स्लाइड केली. आत बिनरंगी, चिमुकले, दोन कप्प्यांचे बीजाणू! म्हणजे पाहुण्यावर पाहुणा. मोठे काजळी ठिपके मात्र फ्रॅग्मिडिअमचेच आहेत. त्यातल्याच एका पानावरचे फक्त गडद बीजाणू घेऊन पुन्हा मोजायला बसले आहे. काल रात्रीपर्यंत ६२ झाले. नऊचाच भरणा आहे, पण सात कप्प्यांचेही पाच सापडले, जे आधी एकही नव्हते.

फुलाशिवाय गुलाबाची ओळख पक्की होणार नाही, म्हणून मे महिन्यात पुन्हा जायचं ठरवलंय. फुलं पांढरी आणि घोसात आहेत का आणि परागवाहिन्या एकत्र जुळून दांडी झाली आहे का, हे पाहीन. पण या तांबेऱ्याची वसंतातली पहिली अवस्था, पानांच्या शिरांवर आणि कोवळ्या देठांवर येणारे नारिंगी फुगवटे, त्याच्या आधीच सुरू होत असणार आणि एप्रिलमध्ये मला शाळेतून सुट्टी नाही. त्या सुमारास कुणी मुक्तेश्वर, रामगढ भागात जाणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बांध कुठला ते नकाशावर खूण करून देते, घरमालकांशीही बोलून ठेवते. फक्त पानं प्लास्टिकच्या पिशवीत आणू नका, कागदी पाकिटातच आणा.