क्लायंटची कागदपत्रं: व्हॉट्सॲपवर घ्यावीत की ईमेलवर?

पेठेतला_हिशोबनीस
टिळक रोडवर करसल्ल्याचं ऑफिस आहे. जुलै आला की पॅन, आधार, फॉर्म १६, बँक स्टेटमेंट असा सगळा मारा व्हॉट्सॲपवर. एक भागीदार म्हणतात, यापुढे फक्त ईमेल. दुसरे म्हणतात, व्हॉट्सॲप निदान एन्क्रिप्टेड तरी आहे, मेल म्हणजे पोस्टकार्ड. काहीजण टेलिग्रामवर पाठवतात. काय बंद करावं, काय चालू ठेवावं? "परिस्थितीवर अवलंबून आहे" हे उत्तर आम्हीच रोज देतो, ते सोडून काहीही सांगा.

पोर्ट_५८७
नुसत्या वाटेचा विचार केला तर दुसरे भागीदार बरोबर. व्हॉट्सॲपवर २०१६ पासून सगळ्यांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे (मजकूर फक्त दोन टोकांच्या फोनवरच उघडतो), सिग्नल या मेसेजिंग ॲपच्या प्रोटोकॉलवर. मजकूर कंपनीला वाचता येत नाही. कोण कोणाशी कधी बोललं, हे मात्र कळतं.

मेलला टीएलएस (वाटेतलं एन्क्रिप्शन) असतं, पण ते एका सर्व्हरपासून पुढच्या सर्व्हरपर्यंतच. मधल्या प्रत्येक सर्व्हरवर मेल उघडा असतो, आणि समोरच्या सर्व्हरकडे टीएलएस नसेल तर बहुतेक वेळा तसाच पुढे जातो. जीमेलमध्ये लाल, उघडं कुलूप दिसतं ते यासाठीच. पीजीपी आणि एस/माइम (मेलच्या मजकुरालाच कुलूप लावायच्या पद्धती) हे उपाय आहेत, पण क्लायंटला की-पेअर (त्या कुलपाच्या किल्ल्यांची जोडी) बनवायला शिकवण्यापेक्षा त्याचं रिटर्न दोनदा भरणं सोपं.

टेलिग्राम बंद करा. तिथलं नेहमीचं चॅट कंपनीच्या क्लाउडवर राहतं. एंड-टू-एंड फक्त 'सीक्रेट चॅट'मध्ये, तेही मुद्दाम सुरू करावं लागतं, आणि ग्रुपला ती सोयच नाही.

झेरॉक्स_दोन_रुपये
वाटेत कोणी उचलत नाही हो, पोचल्यावर उचलतात. व्हॉट्सॲपवर आलेला आधारचा फोटो फोनच्या गॅलरीत उतरतो. त्या फोल्डरचा बॅकअप चालू असेल तर गूगल फोटोजवरही जातो. ऑफिसातला मुलगा नोकरी सोडतो, फोटो त्याच्याबरोबर जातात. म्हणून सेटिंग्ज > चॅट्समध्ये मीडिया व्हिजिबिलिटी बंद करा, आणि फोटो नको, 'डॉक्युमेंट' म्हणून पीडीएफ मागवा.

दुसरं भोक चॅट बॅकअपचं. ड्राइव्हवरचा बॅकअप आपोआप एंड-टू-एंड होईल असं धरून चालू नका. ही सोय २०२१ मध्ये आली. चॅट बॅकअपमध्ये जाऊन तपासा आणि बंद असेल तर चालू करा. पासवर्ड किंवा ६४ अक्षरी की मिळते. ती हरवली तर कंपनीही उघडून देत नाही.

तिसरं, लिंक्ड डिव्हाइसेस. मुख्य फोनशिवाय ४ जोडता येतात. अप्पा बळवंत चौकात प्रिंट काढायची म्हणून दुकानाच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडायचं आणि पैसे देऊन चालू पडायचं, हे सर्रास चालतं. मुख्य फोन १४ दिवस वापरलाच नाही तर ती जोडणी तुटते, पण १४ दिवस फोन न वापरणारा माणूस पुण्यात दाखवा. यादी उघडा, अनोळखी दिसेल ते लॉग आउट करा.

मेलची गोष्ट वेगळी. तिथे फाईल फिरत नाही, साचते. एक पासवर्ड गेला की दहा वर्षांचे फॉर्म १६ गेले. वर चोर फॉरवर्डिंग किंवा फिल्टर लावून जातो. नुसता पासवर्ड बदलून तो निघत नाही. जीमेलच्या सेटिंग्जमधले ते दोन्ही टॅब स्वतः बघावे लागतात.

नळस्टॉप_नोड
पाठवणारा खरा कोण, हे राहिलंच. यात मेल पुढे आहे. जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' उघडा, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच त्या डोमेनवरून, म्हणजे @ नंतरच्या पत्त्यावरून आला का, हे तपासणाऱ्या चाचण्या) तिन्ही 'पास' पाहिजेत. अर्थात पास म्हणजे डोमेन खरं, माणूस खरा असं नाही. एका अक्षराच्या फरकाचं नकली डोमेनही पास होतं, तेव्हा स्पेलिंग वाचा.

व्हॉट्सॲपवर कोणाचाही फोटो लावता येतो. 'सिक्युरिटी नोटिफिकेशन्स' चालू ठेवा. क्लायंटचा सिक्युरिटी कोड (त्याच्या चॅटच्या एन्क्रिप्शनचा ओळख-कोड) बदलल्याची सूचना आली आणि लगेच "नवीन बँक खातं घ्या" असा मेसेज आला, तर जुन्या नंबरवर साधा फोन लावा. नुसता हँडसेट बदलला तरी कोड बदलतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. ऑफिसच्या नंबरला टू-स्टेप पिन लावाच. नाहीतर एसएमएसवरचा ६ अंकी कोड मिळवणारा मालक होतो. आणि 'चलान' नावाची एपीके (अँड्रॉइडवर ॲप बसवणारी) फाईल कोणाकडूनही आली तरी उघडायची नाही.

पेठेतला_हिशोबनीस
आभार. पीडीएफचा पासवर्ड क्लायंटची जन्मतारीख ठेवतो, तेवढं पुरेल ना?

पोर्ट_५८७
नाही पुरणार. शंभर वर्षांच्या तारखा म्हणजे जेमतेम ३६,५०० पासवर्ड. कॉम्प्युटरला ते काहीच नाही. त्यात तारीख पॅनकार्डावरच छापलेली. प्रत्येक क्लायंटला वेगळा, १२-१४ अक्षरांचा पासवर्ड द्या आणि तो फोनवर सांगा. फाईल ज्या वाटेने जाते त्या वाटेने नाही.

घेताना व्हॉट्सॲप चालेल, पण ऑफिसचा वेगळा फोन आणि वेगळा नंबर. संध्याकाळी फाईल बिटलॉकर (विंडोजमधलं डिस्कचं एन्क्रिप्शन) लावलेल्या डिस्कवर हलवून चॅटमधून काढा. तयार कॉम्प्युटेशन (कराचा हिशोब) पाठवताना मेल, पासवर्ड लावलेल्या पीडीएफमध्ये, म्हणजे तारखेची नोंदही राहते. विषयाच्या ओळीत पॅन लिहू नका. जिथे आधार फक्त ओळखीपुरतं लागतं तिथे शेवटचे ४ अंक दिसणारं मास्क्ड आधार मागा. आणि जीमेलमधून काढलेला मेल ट्रॅशमध्ये ३० दिवस पडून असतो, तोही रिकामा करा.