सगळी रक्कम ॲन्युइटीत नको

वडिलांची ग्रॅच्युइटी आणि पीएफ एकरकमी ॲन्युइटीत, म्हणजे विमा कंपनीला पैसे देऊन आयुष्यभर पेन्शन घ्यायच्या योजनेत, टाकावा का, असं तुम्ही विचारलंत. माझं मत स्पष्ट आहे: सगळी रक्कम मुळीच नको. आयुष्यभर पेन्शनची खात्री मिळते हे खरं, पण साध्या योजनेत ती रक्कम वाढत नाही. ठाण्यात सोसायटीचा मेंटेनन्स आणि औषधांचा खर्च मात्र वाढतच जातो. शिवाय अडीअडचणीला पैसे मोडणं कठीण, काही प्रकारांत तर अशक्यच.

आधी पोस्टातली किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना पाहा. 2023 पासून तिची मर्यादा 30 लाख आहे, व्याज दर तिमाहीला मिळतं आणि खातं उघडताना असलेला दर पाच वर्षं कायम राहतो. व्याजावर कर लागतो, तसाच तो पेन्शनवरही लागतो. एफडी एकाच बँकेत ठेवू नका, विमा संरक्षण प्रत्येक बँकेमागे व्याजासकट 5 लाखांपर्यंतच आहे. नौपाड्यातल्या आमच्या ज्येष्ठ शेजाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

उरलेल्यातून ॲन्युइटी घ्यायचीच तर टप्प्याटप्प्याने घ्या, वय वाढलं की पेन्शनचा दरही चढा मिळतो. आणि आई हयात असेल तर संयुक्त पर्यायच निवडा. वडिलांच्या पश्चात तिची पेन्शन थांबता कामा नये.